जोड आणि ‘जणू’ : संपादित छायाचित्रातील हस्तनिर्मित वस्त्राचा अलंकारविचार

हाताने विणलेल्या, शिवलेल्या किंवा भरतकामाने सजवलेल्या वस्त्राचे छायाचित्र घ्यावे, त्यातून ते वस्त्र कातरून वेगळे करावे आणि जेथे ते कधी गेले नाही व जाऊ शकणार नाही अशा एखाद्या स्थळी नेऊन ठेवावे, हा संगणकीय छायाचित्रणाच्या प्रसाराबरोबर घरोघर रुजलेला एक खेळ आहे. बाळाचे लोकरी टोपडे चंद्राच्या पृष्ठभागावर विसावते, क्रोशाची शाल समुद्रतळाशी प्रवाळांवर पसरते, कोपरांना ठिगळे लावलेला स्वेटर घालून एखादा मुलगा डायनोसॉरच्या पाठीवर बसतो. चित्र जुळवणारी व्यक्ती बहुधा तीच असते जिने ते वस्त्र विणले. स्थळ खोटे आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते आणि वस्त्र खरे आहे हेही. हस्तकलेच्या अभ्यासकांना या चित्रांतील वस्त्रापुरतेच स्वारस्य असते. छायाचित्रणाच्या इतिहासकारांना ही हौशी कारागिरी नोंद घेण्याजोगी वाटत नाही. तौलनिक साहित्याभ्यासाने मात्र ती टाळू नये. शब्दावाचून अलंकार कसा उभा राहतो हा जुना प्रश्न ही चित्रे फार नेमकेपणाने पुढे आणतात.

उत्प्रेक्षेची खूण म्हणून ‘जणू’, ‘जणू काय’, ‘वाटे’, ‘गमे’, ‘भासे’ ही पदे शालेय मराठी व्याकरणातही सांगितली जातात. दंडीने काव्यादर्शात ‘मन्ये’, ‘शंके’, ‘नूनम्’ यांसारखी पदे उत्प्रेक्षेची वाचक म्हणून नोंदवली आहेत. अशी पदे गळून पडली की बहुधा अलंकारच पालटतो. बाराव्या शतकातील रुय्यकाने अलंकारसर्वस्वात हा भेद अधिक खोलात नेला. त्याच्या विवेचनाप्रमाणे उत्प्रेक्षा आणि अतिशयोक्ती या दोहोंच्या मुळाशी अध्यवसाय, म्हणजे एका वस्तूने दुसरीला आपल्यात गिळून घेणे, हाच व्यापार असतो. परंतु उत्प्रेक्षेत हा व्यापार चालू असताना दिसतो, तो साध्य असतो, तर अतिशयोक्तीत तो आटोपलेला, सिद्ध असतो. कल्पनेचे कर्म दिसते की तिचे फळ तेवढे हाती येते, असा हा फरक आहे.

आता प्रश्न असा की, चित्रात ‘जणू’ कोठे असतो? चित्राला अव्यये नाहीत. चंद्रावरच्या टोपड्याकडे पाहून कोणी फसत नाही, कोणी रागावतही नाही; म्हणजे ‘असे समजा’ अशी सूचना त्यात कोठेतरी दिलेली असलीच पाहिजे. ती सूचना विषयाच्या अशक्यतेतून मिळते असे सहज उत्तर देता येईल, परंतु ते पुरे पडत नाही. अशक्य विषयाची निर्दोष चित्रे पाहताना वाचकाची वृत्ती वेगळी असते. जाहिरातीतील उडते गालिचे पाहून कोणाला खेळात सामील झाल्यासारखे वाटत नाही. प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे की, चित्रातील ‘जणू’ हा जोडात असतो. वस्त्र जेथे संपते आणि उसने स्थळ जेथे सुरू होते ती कड, जुळता जुळता राहून गेलेली सावली, दोन दिशांनी आलेला प्रकाश, यांतून कल्पनेचे कर्म चालू असलेले दिसते. जोड पुसला की उत्प्रेक्षेची अतिशयोक्ती होते.

तंत्राचा इतिहास येथे थोडक्यात पुरेल. अनेक निगेटिव्हांतून एक चित्र जुळवण्याची पद्धत छायाचित्रणाच्या पहिल्या दोन दशकांतच स्थिरावली होती. ऑस्कर रेलांडर यांचे ‘टू वेज ऑफ लाइफ’ १८५७ मधले. हेन्री पीच रॉबिन्सन यांचे पाच निगेटिव्हांतून साधलेले ‘फेडिंग अवे’ १८५८ मधले. फोटोशॉप ही संगणकप्रणाली १९९० मध्ये बाजारात आली. तिच्यात स्वतंत्र थरांची सोय झाली ती १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. ही दुसरी तारीख या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. तोपर्यंत एक प्रतिमा दुसरीवर बसवली की ती तिच्यात मुरून जाई. थर आले आणि वस्त्र व पार्श्वभूमी एकमेकांवर असूनही एकमेकांपासून सुटी राहू लागली. शाल उचलून बर्फावरून वाळवंटात नेता येऊ लागली. शिवणकाम करणाऱ्या हातांना यात परके काही नव्हते. अस्तरावर कापड, कापडावर झालर आणि टाचण्या लावून केलेली तात्पुरती जुळणी हा त्यांचा रोजचा व्यवहार. ‘कापणे’ आणि ‘चिकटवणे’ हे शब्दही यंत्राने कात्रीकडूनच घेतले आहेत.

या व्यवहारात हातविणीचे वस्त्र मात्र एक अडचण उभी करते, आणि ती अडचणच येथे सर्वांत अर्थपूर्ण आहे. रेशमाची किंवा कडक सुताची कड स्वच्छ कापता येते. लोकरीची येत नाही. लोकरीला लव असते. बाह्यरेषेपलीकडे सूक्ष्म तंतूंचा एक धूसर पट्टा पसरलेला असतो आणि त्या तंतूंमधून मूळ जागेचा रंग डोकावत असतो. कड आत घेऊन कापावी तर लव छाटली जाऊन स्वेटर पुठ्ठ्यासारखा दिसतो. बाहेरून कापावी तर मागच्या भिंतीची, अंगणातल्या हिरवळीची किंवा पलंगपोसाची एक बारीक झाक वस्त्राभोवती राहते. चंद्रावर पोचलेल्या टोपड्याच्या कडेला घरातल्या भिंतीचा पिवळसर रंग लागून आलेला असतो. व्यावसायिक संपादक हा दोष मानतो आणि तो घालवण्याची साधने त्याच्याकडे असतात. अलंकारविचाराच्या दृष्टीने मात्र ही झाक उपमेयाची आठवण आहे. वस्त्र आपले घर कडेला धरून कल्पित स्थळी जाते. ते घरी विणले गेले, कोणाच्या तरी सवडीत, कोणत्या तरी उजेडात विणले गेले, ही वस्तुस्थिती कल्पनेने गिळलेली नसते. गिळण्याचा प्रयत्न तेवढा चालू असतो.

जोड दिसणे हे कौशल्य अपुरे पडल्याचे लक्षण आहे, त्याला अलंकाराचे मोठेपण का द्यावे, असा आक्षेप येथे संभवतो. पुष्कळ चित्रांच्या बाबतीत तो खराही आहे. भाबडेपणाने जुळवलेल्या आणि गोडव्यावर भिस्त ठेवणाऱ्या चित्रांची संख्या मोठी आहे, व त्यांतील स्थळ वस्त्राला काही देत नाही. समुद्रतळावरील शालीत विणीचा नमुना लाटेचा असेल तर स्थळ त्या नमुन्याचे वाचन करते. शाल कोणतीही चालली असती तर समुद्र हा निव्वळ पडदा होतो. पण जोड उघडा ठेवणे ही जाणीवपूर्वक केलेली निवडही असू शकते, आणि तिला दीड शतकाची परंपरा आहे.

१८५४ मध्ये पॅरिसच्या दिझ्देरी यांनी छोट्या भेटकार्डांएवढ्या छायाचित्रांचे एकस्व घेतले आणि पुढच्या दशकात ही चित्रे इंग्लंडमधील उच्चवर्गीय घरांत ढिगांनी साचली. तेथील स्त्रियांनी ती कातरून जलरंगांत रंगवलेल्या दृश्यांवर चिकटवली. केट एडिथ गॉफ यांच्या संग्रहवहीत बदकांच्या मानांवर घरंदाज स्त्रियांचे चेहरे आहेत. लेडी मेरी जॉर्जिना फिल्मर यांच्या एका पानावर त्यांचा दिवाणखाना रंगवलेला आहे. पाहुण्यांमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आहेत, आणि लेडी फिल्मर स्वतः ज्या मेजापाशी उभ्या आहेत त्यावर संग्रहवहीबरोबर डिंकाची बाटलीही दाखवलेली आहे. युवराज आपल्या दिवाणखान्यात आले आहेत असे सांगणाऱ्या चित्रातच ते डिंकाने आणले आहेत हेही सांगून टाकलेले आहे. ‘जणू’चे याहून निःसंदिग्ध दृश्यरूप सापडणे कठीण. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २००९ मध्ये या वह्यांचे प्रदर्शन भरवले, तोवर कलेतिहासात कोलाजचा आरंभ पिकासो आणि ब्राक यांच्यापासून धरण्याची पद्धत रूढ होती. स्त्रियांच्या सवडीतल्या कामाला कलेच्या इतिहासाबाहेर ठेवण्याची रीत रोझिका पार्कर यांनी ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ (१९८४) मध्ये भरतकामाच्या संदर्भात उलगडली होती. कात्री आणि डिंकाला तीच रीत लागू पडते.

भारतीय परंपरेत या व्यवहाराचे सर्वांत समृद्ध रूप राजस्थानातील नाथद्वारा येथे आढळते. श्रीनाथजींच्या सेवेत वस्त्रांना असलेले स्थान सर्वश्रुत आहे. ऋतू, तिथी आणि उत्सव यांनुसार वाघा, काछनी, पाग व मागची पिछवाई बदलत जाते. उन्हाळ्यात तलम आणि फिके, हिवाळ्यात रुईभरले आणि गडद. ही सारी हातांची कामे. एखाद्या भक्ताने विशेष सेवेचा ‘मनोरथ’ केला की त्याचे चित्र करून घेण्याची प्रथा होती, आणि छायाचित्रण आल्यावर नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी त्यात एक मार्मिक बदल केला. भक्ताचा चेहरा छायाचित्रातून कातरून चित्रावर चिकटवायचा किंवा छायाचित्रावरच रंग चढवायचा, आणि अंगावरची वस्त्रे, गाभारा, देव, पिछवाई हे सर्व कुंचल्याने रंगवायचे. मंदिरात कॅमेऱ्याला प्रवेश नाही. त्यामुळे देव आणि त्याची वस्त्रे हातानेच उतरवावी लागत. भक्ताचा चेहरा मात्र यंत्राने दिलेला. ज्याचे अस्तित्व नोंदवायचे आहे तो माणूस छायाचित्रात आणि ज्याच्यापाशी पोचायचे आहे ते स्थळ रंगात, अशी ही वाटणी आहे. मनोरथाच्या दिवशी एकत्र नसलेली मंडळीही अशा चित्रात एका रांगेत हात जोडून उभी करता येतात.

ज्युडिथ मारा गटमन यांनी ‘थ्रू इंडियन आइज’ (१९८२) मध्ये अशा रंगवलेल्या छायाचित्रांवरून भारतीय छायाचित्रणाच्या वेगळ्या अवकाशकल्पनेचा सिद्धान्त मांडला. तो जरा घाईचा वाटतो, कारण एका संप्रदायाच्या चित्रशाळेतील व्यवहारावरून अखिल भारतीय दृष्टी ठरवता येत नाही. क्रिस्तोफर पिनी यांनी ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) मध्ये मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास करताना केलेले निरीक्षण अधिक उपयोगी आहे : तेथे येणारे ग्राहक आपण कोण आहोत याची नोंद करवून घेण्यापेक्षा आपण आणखी कोण होऊ शकतो हे पाहण्यासाठी पडद्यापुढे बसतात. मात्र मनोरथचित्रांना हेही पुरतेपणी लागू होत नाही. तेथे भक्ताला दुसरे कोणी व्हायचे नाही; आहे त्याच चेहऱ्याने तेथे असायचे आहे. म्हणून चेहरा रंगवून भागत नाही, तो चिकटवावा लागतो. गुळगुळीत रंगलेल्या पृष्ठभागावर त्या चेहऱ्याची काळी-पांढरी करडी छटा वेगळी उठून दिसते आणि ‘मनोरथ’ या शब्दाचा मूळ अर्थ, मनाची इच्छा, त्या जोडात शाबूत राहतो.

याच व्यवहाराची उलट बाजूही भारतात दिसते. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून (हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला) निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची शिळाछापे घरोघर गेली, आणि अनेक घरांत, विशेषतः दक्षिण भारतात, त्यांवर कापड, जरी, टिकल्या आणि मणी लावून देवीला खरी वस्त्रे नेसवली गेली. येथे स्थळ आणि चेहरा छापील, वस्त्र तेवढे हातचे. हजारो प्रतींतली एक प्रत या हातकामाने एका घराची झाली. छापील पदराच्या चुण्यांवर खऱ्या कापडाच्या चुण्या बसवताना चित्रातील छायाप्रकाश झाकला जातो आणि देवी अर्धी चित्रात, अर्धी चित्राबाहेर येते. रविवर्म्यांच्या वास्तववादाने मिळवलेली सारी खोली या टिकल्यांनी परत केली, असे एखादा कलासमीक्षक म्हणेल. भक्तांना त्या खोलीची विशेष गरज नव्हती. पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासह केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ (२०००–२००४) या छायाचित्रमालेत रविवर्म्यांची लक्ष्मी पुन्हा साकारली जाते तेव्हा रंगवलेला पडदा आणि शिवलेला वेष दोन्ही आपली कृत्रिमता लपवत नाहीत, हे या घरगुती परंपरेशी असलेले त्यांचे नाते मानता येईल.

खेळातला ‘जणू’ वाचकाने काढून घेतला तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमधील कॉटिंग्ली या गावाने पुरवले आहे. १९१७ मध्ये एल्सी राइट आणि फ्रान्सिस ग्रिफिथ्स या नात्यातील दोन बहिणींनी एका मुलांच्या पुस्तकातील आकृत्यांवरून कागदी पऱ्या काढल्या, कातरल्या, टोपीच्या पिनांनी गवतात खोचल्या आणि छायाचित्रे घेतली. निगेटिव्हवर कसलेही संस्करण नव्हते. जुळणी कॅमेऱ्यापुढेच झाली होती. १९२० मध्ये आर्थर कॉनन डॉइल यांनी ही चित्रे पऱ्यांच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून ‘स्ट्रँड’ मासिकात मांडली. पऱ्यांची केशभूषा पॅरिसच्या चालू फॅशनप्रमाणे आहे, हे संशयवाद्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते, म्हणजे जोड डोळ्यांपुढे होता. पण डॉइल यांना तो वाचायचा नव्हता. या बहिणींनी १९८३ मध्ये खरा प्रकार सांगितला. भ्रांतिमान अलंकारात कवीला आणि रसिकाला सत्य ठाऊक असते, भ्रम होतो तो काव्यातील पात्राला. कॉटिंग्लीत दोन मुली कवी झाल्या आणि शेरलॉक होम्सचा जनक त्यांच्या काव्यातले पात्र झाला.

वस्त्र आणि कल्पना यांच्या या नात्याचे साहित्यातील रूप पाहायचे तर हान्स क्रिश्चन अँडरसनकडे वळावे लागते. १८३७ च्या ‘राजाचे नवे कपडे’ या कथेत माग खरा आहे, राजवाडा खरा आहे, मिरवणूक आणि गर्दी खरी आहे. वस्त्र तेवढे नाही. आपल्या चित्रांचा हा तंतोतंत व्यत्यास. तेथे खरे स्थळ आणि कल्पित वस्त्र, येथे खरे वस्त्र आणि कल्पित स्थळ. कथेचा मूळ आधार दोन हुआन मान्युएल यांच्या १३३५ च्या ‘कोंदे लुकानोर’ या स्पॅनिश कथासंग्रहात आहे; त्या रूपात वस्त्र दिसण्याची अट औरस जन्माची आहे, अँडरसनने ती अधिकारपदाच्या योग्यतेची केली. दोन्हींत ठकांनी ‘जणू’ काढून घेतला आहे आणि भीतीमुळे कोणी तो परत मागत नाही. कथेतले मूल तो मागते.

परंतु या विषयाला अधिक जवळची कथा पुढच्याच वर्षीची, ‘रानहंस’ ही आहे. हंस झालेल्या अकरा भावांना माणसात आणण्यासाठी एलिझा स्मशानातील खाजऱ्या झुडपांच्या तंतूंचे अकरा अंगरखे मुकाट्याने विणते; हातांना फोड येतात, बोलायला बंदी असते, आणि शेवटच्या अंगरख्याची एक बाही अपुरी राहते. धाकट्या भावाला एका हाताच्या जागी हंसाचा पंख राहतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या सहा हंसांच्या कथेतही ही अपुरी बाही आहे, म्हणजे लोककथेने ती जपून ठेवली आहे. अद्भुताची सारी किमया हातविणीवर सोपवलेली, आणि हातविणीला वेळ लागतो हे वास्तव अद्भुताच्या अंगावर कायमचे उमटलेले. तो पंख म्हणजे लोकरीच्या कडेची झाकच. अँडरसन स्वतः कात्रीने कागदी आकृत्या कापण्यात निष्णात होता, मुलांसाठी चिकटचित्रांच्या वह्या करीत असे, आणि आयुष्याच्या अखेरीस १८७३–७४ मध्ये त्याने आपल्या खोलीतील घडीच्या पडद्यावर कापलेली मुद्रिते व छायाचित्रे चिकटवून बालपण, रंगभूमी, निरनिराळे देश आणि पौर्वात्य जग यांची एक दाट सृष्टी उभी केली. त्याच्या कथांची चर्चा करताना हा पडदा बहुधा चरित्राच्या तपशिलात टाकला जातो. त्याला कथांच्या शेजारी बसवायला हवे.

आता एक विरुद्ध दिसणारे उदाहरण. इंग्लिश छायाचित्रकार जोसेफ फोर्ड आणि विणकर निना डॉड यांनी जुळवलेल्या, २०१९ मध्ये ‘इनव्हिजिबल जंपर्स’ या नावाने पुस्तकरूप झालेल्या चित्रांत माणसांच्या अंगावरील स्वेटर मागच्या दृश्यात विरून जातात. बसच्या आसनावरील नक्षी स्वेटरवर पुढे चालू राहते. धावपट्टीच्या पांढऱ्या रेषा धावपटूच्या छातीवरून जातात. प्रथमदर्शनी हे संगणकाचे काम वाटते. ते तसे नाही. प्रत्येक स्वेटर त्या स्थळासाठी, त्या कोनासाठी हाताने विणलेला आहे. संपादन पडद्यावर झालेले नाही, सुयांवर झाले आहे.

सुयांवर संपादन होऊ शकते याला तांत्रिक आधार आहे. टाका हा एका अर्थी चित्रबिंदूच आहे. रंगीत विणकामाचा नमुना चौकटींच्या कागदावर आखून एकेक चौकट एकेक टाका म्हणून विणली जाते. पण साध्या विणीचा टाका चौरस नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो. साध्या चौरसांच्या कागदावर आखलेले वर्तुळ विणल्यावर दबून आडवे होते, म्हणून विणकरांचा आलेखकागद आडव्या चौकटींचा असतो. यंत्राचा चित्रबिंदू ज्या समतेवर उभा आहे ती लोकर मान्य करत नाही. फोर्ड-डॉड यांच्या चित्रांत स्वेटर स्थळात पूर्णपणे मिसळला असे क्षणभर वाटते आणि मग टाक्यांची उंचसखल पोत डोळ्याला खुपते, बाहीच्या शिवणीशी नक्षी तसूभर सरकते. तेथे जोड सापडतो, आणि खरा आनंद तेव्हाच होतो. अध्यवसाय पुरा होता होता थांबतो. स्थळ आणि वस्त्र दोन्ही खरी असूनही उत्प्रेक्षा टिकते, यावरून ‘जणू’ विषयाच्या अशक्यतेत नसून जोडात असतो या प्रतिपादनाला बळकटी मिळते.

खेळ कोणाचा, हा प्रश्न मात्र यात मागे राहून चालणार नाही. टोपडे विणणारी स्त्री ते चंद्रावर नेते तेव्हा ती आपल्या श्रमांशी खेळत असते. हातमागाची साडी संगणकावर एखाद्या महालाच्या सज्जात नेऊन सूचीपत्रात छापली जाते तेव्हा खेळणारा दुसराच कोणी असतो. सूचीपत्रातील महाल खरा भासावा हीच अपेक्षा असते. कड स्वच्छ केलेली, सावली जुळवलेली, पदराची लव गुळगुळीत. रुय्यकाच्या अर्थाने ही अतिशयोक्ती आहे, अध्यवसाय सिद्ध झालेला आहे, आणि त्यात गिळले गेलेले उपमेय म्हणजे खड्डामागावर बसलेला विणकर. अ‍ॅलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेत आजीच्या कपड्यांच्या तुकड्यांतून झालेल्या गोधड्या वापरायच्या की भिंतीवर लावायच्या, यावरून घरात जो संघर्ष उभा राहतो तो याच जातीचा : हातच्या वस्त्राला त्याच्या घरातून उचलण्याचा अधिकार कोणाला? वॉकर यांची आई गोधड्या वापरणाऱ्या मुलीच्या हाती देते. भिंतीवर लावू पाहणारी मुलगी घरी येताच कॅमेरा काढून आई, बहीण आणि घर यांची चित्रे घेते, हा तपशील कथेच्या समीक्षेत अधिक बारकाईने पाहिला जायला हवा.

बाजारालाही चित्राच्या साक्षीचा भरवसा उरलेला नाही, याची एक अप्रत्यक्ष कबुली म्हणजे भारत सरकारने २००६ मध्ये सुरू केलेली हातमागाची खूणचिठ्ठी. वस्त्र हातचे आहे हे वस्त्राच्या रूपाने किंवा त्याच्या चित्राने सिद्ध होईना, म्हणून ते वेगळ्या चिठ्ठीने सांगावे लागले. २०२२ नंतर शब्दांवरून चित्रे घडवणारी यंत्रे सर्वांच्या हाती आल्यावर हा प्रश्न आणखी पुढे गेला आहे. आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत, नाथद्वाऱ्यापासून चंद्रावरील टोपड्यापर्यंत, चित्राचा निदान एक घटक कोठेतरी खरोखर होता. यंत्राने घडवलेल्या चित्रात स्थळही नाही आणि वस्त्रही नाही. अँडरसनचा राजवाडाही गेला आणि त्याबरोबर ओरडून सांगणारे मूल उभे राहण्याची जागाही गेली. अशा चित्रांच्या आधारे क्रोशाचे आणि विणकामाचे नमुने विकले जातात. नमुना विकत घेणारी स्त्री सुया घेऊन बसते आणि चित्रात दिसते ते विणता येत नाही असे तिला आढळते.

विणणाऱ्या स्त्रियांनी यावर जी रीत काढली ती साहित्याच्या अभ्यासकांना ओळखीची वाटेल. त्या चित्राची पाठचिकित्सा करतात. प्रथम एक टाका धरायचा आणि धागा कोठून आला व कोठे गेला ते शोधायचे. खऱ्या विणीत प्रत्येक फास खालच्या फासातून वर आलेला असतो आणि वरच्या फासाला धरून ठेवतो. ओळ संपली की धागा वळून परत येतो. यंत्राच्या चित्रात धागा दोन टाके चालतो आणि तिसऱ्यात नाहीसा होतो, उलट-सुलट टाक्यांच्या ओळी मध्येच एकमेकींत मिसळतात, क्रोशाच्या फुलाला एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला साडेसहा पाकळ्या असतात, बाही खांद्याला लागते तेथे शिवणही नसते आणि विणही चालू नसते. लेखनिकाच्या हातून झालेली चूक आणि भाषा न समजता नक्कल करणाऱ्याची चूक यांत हस्तलिखितांचा संपादक जो फरक करतो तोच येथे केला जातो. हातून सुटलेला टाका खाली उसवत गेलेला दिसतो, आणि तो कोणत्या ओळीत सुटला हे मोजता येते. यंत्राच्या चित्रातील चुकीला अशी ओळ सापडत नाही.